ओल्या आकाशावरचे बोट

ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठावर ईझल मांडून येऊरचे डोंगर तैलरंगांत उतरवायला शिकताना ऊन, वारा आणि डास हे सारे मी मुकाट्याने सोसतो, परंतु फेरफटका मारायला आलेले कोणी काका मागे येऊन उभे राहतात, "वाळलंय का हो?" असे विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता आकाशावर बोट टेकवतात, तेव्हा मात्र माझे डोके फिरते. तैलरंग म्हणजे पाणी उडून गेले की वाळणारा जलरंग किंवा ॲक्रिलिक नव्हे. त्यातील जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होते आणि त्याला कित्येक दिवस लागतात. त्यातही टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग विशेष संथ, आणि माझे ढग नेमके त्याचेच! बोटाचा ठसा उमटतो, खालचा निळा वर येतो, ढगाची कड मळकट होते (कधी शेजारचा डोंगरही त्यात ओढला जातो) आणि ते सारे खरवडून नीट करेपर्यंत घळीतली सावली भलतीकडे सरकलेली असते. पश्चात्ताप म्हणाल तर शून्य, पांढरे झालेले बोट माझ्याच चिंधीला पुसत काका विचारतात, "मग ॲक्रिलिक का नाही वापरत?"