गच्चीवर सोलर बसवणाऱ्या दुकानाच्या मालकाचे उत्तर (१ स्टार रिव्ह्यू: ‘ऑप्टिमायझर लावून युनिट उलट कमी झाले’)

नमस्कार काका. तुमचे दोन फोन आमच्याकडून उचलले गेले नाहीत आणि माणूस पाठवायला आठवडा लागला. चूक आमची, माफ करा.

पण ‘मेमध्ये साडेअकरा युनिट यायचे, जुलैत सातवर आले, ९ हजारांना फसवलं’ हे वाचून रात्रभर डोळा लागला नाही. काका, ऑप्टिमायझर, म्हणजे सावलीतल्या पॅनलना लावायचं उपकरण, आपण २० जूनला बसवले. जुलैत सांगलीला ऊन किती दिवस पडलं? तीन किलोवॅटच्या सोलरला पावसाळ्यात दिवसाला सहा-सात युनिट सगळ्यांकडेच येतात, माझ्या स्वतःच्या गच्चीवरही. तुलना मागच्या वर्षीच्या जुलैशी करायला हवी होती, मेशी नाही.

एप्रिलपर्यंत तुम्हाला तेरा युनिट मिळत होते. मग तुम्ही पूर्वेला दुसरी टाकी चढवलीत. सर्व्हेच्या दिवशी ती तिथे नव्हती, आमच्याकडे फोटो आहेत. सकाळी दोन पॅनलवर तिची सावली येऊ लागली. सहाही पॅनल एकाच माळेत, म्हणजे एकापुढे एक जोडलेले, त्यामुळे सावलीतले दोन बाकी चौघांनाही मागे ओढत होते. पॅनलमध्ये सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारे बायपास डायोड असतात, पण त्यांनी माळेचं व्होल्टेज पडतं आणि इन्व्हर्टर जास्तीत जास्त वीज मिळण्याचा बिंदू चुकतो. ऑप्टिमायझर त्या दोन पॅनलचा हिशेब वेगळा करतो, एवढंच त्याचं काम. तो ऊन तयार करत नाही. आभाळ भरलेलं असलं की सहाही पॅनल सारखेच मंद होतात, तेव्हा त्याला वाचवण्यासारखं काही उरतच नाही. हे मी बसवताना बोललो होतो. लिहून दिलं नव्हतं, ते द्यायला हवं होतं.

२३ जूनला सकाळी ऊन होतं. अ‍ॅपमध्ये त्या दिवशीचा आलेख उघडून बघा, टाकीच्या सावलीने साडेआठला पडायचा तो खड्डा गेलेला दिसेल.

अकरा वर्षं गच्च्या चढतोय. काल एका गिऱ्हाइकाने तुमचा रिव्ह्यू दाखवून ठरलेलं काम थांबवलं. माझ्याकडच्या चार पोरांचे पगार यावरच निघतात.

यापुढे सावलीचं सगळं कोटेशनमध्ये लिहू, फोनचंही बघतो. ऑक्टोबरात ऊन स्थिरावलं की मी स्वतः येऊन आकडे तुमच्यासमोर मांडतो, त्याचे पैसे नकोत. स्टार किती द्यायचे ते तुमच्या मनावर. फक्त ‘फसवलं’ हा शब्द काढा, एवढी विनंती.