ब्राउझरचा फिल्टर फुगतो का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण आकडे देऊन लिहिलेली आहे. तेव्हा उत्तरही आकड्यांनीच देतो.

मागच्या लेखात मी कॅसेटवरून उतरवलेल्या एका जुन्या बैठकीतलं हमिंग (विजेच्या पुरवठ्यामुळे येणारी घूं) ब्राउझरमध्येच, वेब ऑडिओचे (ब्राउझरमधल्या आवाजावर प्रक्रिया करण्याच्या सोयीचे) फिल्टर लावून कमी करून दाखवलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लोपास (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचं कापणारा फिल्टर) 1000 हर्ट्झला लावून क्यू (फिल्टर किती टोकदार हे ठरवणारा आकडा) 0.707 ठेवला तरी आलेखात 750च्या आसपास फुगवटा दिसतो, म्हणजे ब्राउझरचं गणितच कच्चं. 50 हर्ट्झचा नॉच (एकाच फ्रिक्वेन्सीच्या आसपासचं कापणारा फिल्टर) लावून हमिंग जात नाही आणि हायपास (खालचं कापणारा) लावला तर तंबोरा मरतो. त्यापेक्षा सरळ एफएफटी (आवाजाची फ्रिक्वेन्सीनुसार फोड) काढून नको त्या फ्रिक्वेन्सी शून्य का करू नयेत? ऑडॅसिटी (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) असताना ब्राउझर कशाला? शिवाय पान उघडल्यावर आवाजच येत नाही. आणि शेवटी, ‘जावास्क्रिप्टमध्ये ऑडिओ म्हणजे पोरखेळ’.

फुगवटा तुम्ही अगदी बरोबर मोजलात. तिथे तो असायलाच हवा! बायक्वाड फिल्टरची (वरचे तिन्ही त्याच जातीचे) सूत्रं रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सन यांच्या फिल्टरसूत्रांच्या सर्वपरिचित ‘कुकबुक’मधूनच आली आहेत, पण वेब ऑडिओने लोपास आणि हायपाससाठी क्यू डेसिबलमध्ये धरला आहे. बँडपास, नॉच, पीकिंग आणि ऑलपास यांच्यासाठी तो नेहमीचा साधा आकडा आहे, आणि शेल्फ फिल्टरांना तर क्यू लागतच नाही. एकाच नावाच्या पॅरामीटरला असे तीन न्याय लावणं मलाही पटत नाही, पण वेब ऑडिओच्या मानकात ते स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे तुम्ही दिलेला 0.707 ब्राउझरने 0.707 डेसिबल समजला. साध्या भाषेत तो झाला 1.085. अशा क्यूचा लोपास 1000 हर्ट्झला 3 डेसिबल खाली जाण्याऐवजी 0.7 डेसिबल वर असतो, आणि त्याचं शिखर 760च्या आसपास, पावणेदोन डेसिबलचं. हाच तुमचा फुगवटा. क्यूच्या जागी उणे 3.01 लिहा, म्हणजे तुम्हाला हवा तो सपाट, फुगवटा नसलेला बटरवर्थ फिल्टर मिळेल. आणखी तीव्र उतार हवा असेल तर दोन लोपास एकामागे एक जोडा, पण दोघांना तोच क्यू देऊ नका: एकाला उणे 5.33 आणि दुसऱ्याला अधिक 2.32. काहीच न लिहिता सोडलंत तर क्यू 1 धरला जातो, तोही डेसिबलच, म्हणजे थोडा फुगवटा फुकटात मिळतो. शंका आली की गेट-फ्रीक्वेन्सी-रिस्पॉन्स ही मेथड बोलवा. आवाजाचा एकही नमुना (सॅम्पल) न वाजवता ती फिल्टरचा आलेख हातात देते.

पोरखेळाबद्दल एवढंच, की या फिल्टरचा गुणाकार-बेरजेचा लूप जावास्क्रिप्टमध्ये चालतच नाही. तुमचा कोड फक्त नोड (फिल्टरसारखे तयार ठोकळे) जोडतो. हिशेब ब्राउझरच्या स्वतंत्र ऑडिओ थ्रेडवर, 128 नमुन्यांच्या घासांनी होतो.

आता हमिंग, कारण खरी गंमत तिथे आहे. त्या बैठकीतला गायक काळी एक पट्टीचा. म्हणजे षड्ज 138.6 हर्ट्झ आणि तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यावर, 69.3. तुम्ही 100 हर्ट्झला हायपास लावलात. क्यू नीट ठेवला तरी तो 50चं हमिंग 12 डेसिबलने उतरवतो, पण खर्जालाही 7 डेसिबलने दाबतो. आणि 150 हर्ट्झला असलेला हमिंगचा तिसरा हार्मोनिक (50ची तिप्पट) एका डेसिबलनेही हलत नाही. तंबोरा मेला आणि घूं तशीच राहिली, हे तुमच्या कानांनी बरोबर टिपलं.

म्हणून नॉच. तो तुमच्याकडे चालला नाही याचं माझ्या मते एकच कारण: कॅसेट. वीज 50ची असली तरी डेक (कॅसेट वाजवणारं यंत्र) टेप किंचित जलद ओढत असेल तर हमिंग 50वर राहत नाही. 2 टक्के जलद म्हणजे 51. क्यू 30चा नॉच 50वर जेमतेम पावणेदोन हर्ट्झ रुंद असतो. 51वर तो कसाबसा सव्वादोन डेसिबल कापतो. मग माणूस वैतागून क्यू 10 करतो, नॉच रुंद होतो, आणि 150वरच्या नॉचच्या तावडीत कोमल रिषभ सापडतो. काळी एकचा कोमल रिषभ 147च्या आसपास येतो, आणि क्यू 10चा नॉच तिथे 8 डेसिबल खाऊन टाकतो. भैरव ऐकायला बसलात तर हे परवडणारं नाही.

उपाय: नॉच अरुंदच ठेवा, जागा बदला. 50, 100, 150 असे तीन नॉच ओळीने जोडा, तिघांचा क्यू 30. मग एक कॉन्स्टंट सोर्स नोड (एकच स्थिर आकडा देत राहणारा) घ्या आणि तो तिन्ही नॉचच्या डीट्यूनला (फ्रिक्वेन्सी सरकवणाऱ्या पॅरामीटरला) जोडा (स्टार्ट करायला विसरू नका, मी शिकवलेल्यांपैकी निम्मे तिथेच अडतात). डीट्यून सेंटमध्ये (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चालतं. 2 टक्क्यांसाठी साधारण 34. त्या नोडचा आकडा बदलणारा एकच स्लायडर फिरवला की तिन्ही नॉच आपापलं प्रमाण राखून एकत्र सरकतात. हमिंग अचानक विरघळतं तो आकडा तुमच्या डेकचा. तेवढ्याच प्रमाणात गाण्याची पट्टीही चढलेली असणार, हे ओघानं आलंच.

एफएफटीचं म्हणाल, तर ब्राउझरचा अ‍ॅनालायझर नोड फक्त पाहण्यासाठी आहे. तो कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे एवढंच सांगतो, फेज (लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते) देत नाही, त्यामुळे त्यातून आवाज परत उभा करता येत नाही. ऑडिओ वर्कलेटमध्ये (ऑडिओ थ्रेडवर आपला कोड चालवण्याची सोय) स्वतःची एफएफटी लिहिता येईल, जरूर लिहा. पण 48000च्या दराने 2048 नमुने घेतले तर एक खण (एफएफटीचा एक फ्रिक्वेन्सी-पट्टा) 23.4 हर्ट्झचा पडतो. हमिंग 46.9च्या खणात, खर्ज शेजारच्याच 70.3च्या खणात. एकाला शून्य करताना दुसरा खरवडला जाणारच. खण बारीक करायला 32768 नमुने घ्या, तर खिडकी 0.68 सेकंदांची होते आणि तबल्याची थाप त्यात पसरते.

ऑडॅसिटीशी माझं भांडण नाही. फाइल कायमची साफ करून ठेवायची तर मीही तेच वापरतो. पण मूळ ध्वनिमुद्रण न बदलता ऐकणाऱ्याच्या हातात स्लायडर द्यायचा असेल, तर ते काम ब्राउझरच करू शकतो.

राहिलं ‘पान उघडल्यावर आवाजच येत नाही’ हे. वाचकाने पानावर काही दाबेपर्यंत ब्राउझर ऑडिओ कॉन्टेक्स्ट थांबवून ठेवतो. प्लेच्या क्लिकमध्येच रिझ्यूम बोलवा. तरीही शांतता असेल तर फाइल दुसऱ्या डोमेनवरून येतेय का ते पाहा. त्या सर्व्हरने कॉर्सची (दुसऱ्या डोमेनला फाइल वापरू देण्याची) परवानगी दिलेली नसेल, तर फिल्टरमधून नुसती शांतता बाहेर पडते.