भाचीच्या पर्समधला स्प्रे

कर्वेनगरात माझं मेडिकल आहे, एकोणीस वर्षं झाली. परवा भाचीचा ओहायोवरून व्हिडिओ कॉल होता, पर्समधून चार्जर काढताना नाकात मारायचा एक स्प्रे खाली पडला. म्हटलं सर्दी झाली का गं? तर म्हणे नाही मामा, नॅलोक्सोन आहे, कोणी ओव्हरडोसने पडलेलं दिसलं तर मारायचा, कॉलेजात फुकट वाटलेत. जशी काय लिमलेटची गोळीच.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. अमेरिकेत २०१३ ला सिंथेटिक ओपिऑइडने (म्हणजे कारखान्यात बनवलेली अफूच्या जातीची औषधं, मुख्यतः फेंटानिल) ३ हजारांच्या आसपास माणसं गेली होती, २०२२ ला जवळजवळ ७४ हजार! सगळे ओव्हरडोस धरले तर १ लाख ८ हजार. आणि २०२४ ला तेच एकूण ८० हजारांच्या आसपास आले, त्यात सिंथेटिकवाले साधारण ४८ हजार.

फेंटानिल म्हणजे भुताटकी नाही हां, ऑपरेशनला, कॅन्सरच्या दुखण्याला वापरतात. घोळ आहे तो चोरून बनवलेल्या मालात. हेरॉइनच्या ५० पट जोर, २ मिलिग्रॅममध्ये म्हणजे मिठाच्या दहा-पंधरा दाण्यांत माणूस जाऊ शकतो, आणि हे लोक नकली गोळ्या पाडतात, खिचडीत मीठ नीट नाही मिसळलं की एक घास अळणी नि एक खारट लागतो ना तसं, फक्त इथे खारट घास ज्याच्या वाट्याला आला तो उठतच नाही. श्वास मंद होत थांबतो, घोरल्यासारखा आवाज येतो, शेजारच्याला वाटतं गाढ झोपलाय.

नॅलोक्सोन त्या औषधाला मेंदूतल्या जागेवरून उठवून स्वतः तिथं बसतं, की श्वास परत चालू. तिकडे २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. आकडा उतरला तो फक्त त्यामुळे नाही, ब्युप्रेनॉर्फिन या व्यसन सोडवायच्या औषधाचे उपचार वाढले, मालाचा जोर उतरला, आणि एक वाईट कारण पण सांगतात, जे सगळ्यात जास्त अडकलेले होते त्यातले बरेचसे आधीच गेले.

पण त्यांना हे कळलं कारण ते मयत मोजतात, कुठल्या औषधाने गेला ते लिहून. आपण पोती मोजतो. फेब्रुवारी २०२४ ला पुणे जिल्ह्यात कुरकुंभला एमडी म्हणजे मेफेड्रोन पकडलं (ते ओपिऑइड नाही, त्याच्यावर नॅलोक्सोन चालत नाही, पण असो) तेव्हा किती किलो नि किती कोटी हे पेठेतल्या पोरालापण पाठ होतं. सरकारच्या गुन्हे नोंद ब्युरोच्या, एनसीआरबीच्या, २०२२ च्या नोंदीत ओव्हरडोसचे मृत्यू ६८१. अख्ख्या देशात! एम्सच्या २०१९ च्या अहवालात ओपिऑइड घेणारे २ कोटींच्या वर आहेत. मी दुकानदार माणूस, हे रजिस्टर जुळत नाहीये एवढं मला कळतं.

का जुळत नाही ते पण बघितलंय. मागच्या गल्लीतल्या हॉस्टेलचा एक मुलगा सकाळी उठलाच नाही, घरच्यांनी बदनामी नको म्हणून अटॅक सांगितलं, विषय संपला. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आपल्याच पुण्यात आहे, तरी लाज काही सुटत नाही लोकांची.

तो हॉस्टेलचा मुलगा माझ्याकडे यायचा. आधी ट्रॅमाडॉल, नाही म्हटलं तर टॅपेन्टाडॉल आहे का काका. दोन्ही ओपिऑइड जातीच्याच दुखण्याच्या गोळ्या. चिठ्ठी नव्हती, दिली नाही, वर चार शब्द सुनावून हाकलला, आणि कायद्याने बरोबरच केलं. पण कुठून घेतोस, किती घेतोस, एकटाच असतोस का घेताना, यातलं काही विचारलं नाही.