स्वस्तात टेंडर मिळतं, पुढचं काय?

आपल्या बांधकाम कंपन्या परदेशात अजून मोठ्या का होत नाहीत यावर आपल्याकडे बरंच बोललं जातं, आणि गाडी बहुतेक तिथेच येऊन थांबते की आपले इंजिनिअर हुशार, दर कमी, आता सरकारने पाठीशी उभं राहिलं की झालं. मी आखातात कॉन्ट्रॅक्ट्सचं काम बघतो आणि मला हे अपुरं वाटतं.

पोलंडचं उदाहरण घ्या. कोवेक ही चीनच्या सरकारी रेल्वे-बांधकाम ग्रुपमधली कंपनी, म्हणजे पाठबळ भरपूर आणि दरही कमी. २००९ मध्ये तिने वॉर्सा-लोद्झ मार्गावरच्या ए-२ हायवेचं जवळपास ४९ किलोमीटरचं काम सरकारी अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी किमतीत घेतलं. मग युरो २०१२ या फुटबॉल स्पर्धेसाठी देशभर कामं निघाली, माल महागला, भाववाढ मागायला कॉन्ट्रॅक्टमध्ये जागा नव्हती, सबकॉन्ट्रॅक्टरांचे पैसे थकले आणि जून २०११ मध्ये कॉन्ट्रॅक्टच रद्द झालं!

इथे रोज जे बघतो ते याच जातीचं आहे. फिडिक या सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या रेड बुकात, म्हणजे बांधकाम कॉन्ट्रॅक्टच्या तयार नमुन्यात, कलम २०.१ आहे, अडचण कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस दिली नाही तर मुदतवाढही नाही आणि जादा पैसेही नाहीत. आपल्या लोकांची सवय अशी की आधी काम उरकू, क्लायंटशी संबंध चांगले आहेत, हिशोब शेवटी बसून करू, आणि शेवटी बसतात तेव्हा ड्रॉइंग तीनदा बदललेलं असतं, साईट उशिरा मिळालेली असते, हे सगळ्यांना तोंडी माहीत असतं पण कागदावर एक ओळ नसते, मग कसला क्लेम आणि कसलं काय. कामात कुठे कमी पडले नाहीत आणि तरी तोटा, हे बघून खरंच जीव तुटतो.

त्यात ऑन-डिमांड बॉन्ड, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरच्या वतीने बँकेने क्लायंटला दिलेली हमी, असेल तर क्लायंटने मागितल्यावर बँक आधी पैसे देते, खरं-खोटं नंतर. म्हणून भाव भरायच्या आधीच कॉन्ट्रॅक्टची कलमं बघणाऱ्या माणसाला टेंडर टीममध्ये घ्या, काम मिळाल्यावर नको.

लोकल पार्टनरही हवाच. एल अँड टीने कतारचं अहमद बिन अली स्टेडियम तिथल्या अल बलाघ या कंपनीबरोबर मिळून बांधलं. फक्त पार्टनर निवडताना त्याची ओळख कुठपर्यंत आहे याच्याइतकंच तो सबकॉन्ट्रॅक्टरांचे पैसे वेळेवर देतो का हेही विचारा, बाजारात दोन फोन केले तरी कळतं.