‘जुनी छोटी गाडी घेऊच नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने एक मेसेज सोसायटीच्या, ऑफिसच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ऑफिसला जाण्यायेण्यासाठी जुनी छोटी गाडी घेऊ नका. पंधरा वर्षं झाली की सरकार ती भंगारात काढणार. नवीन पेट्रोलने इंजिन खराब होणार. पार्ट मिळणार नाहीत. गॅरेजवाला लुटणार. शिवाय जिवाला धोका. त्यापेक्षा आता जीएसटी कमी झालाय, हप्त्यावर नवीनच घ्या.

दीड-दोन लाखांत गाडी बघायला निघालेला माणूस असं काही वाचून घाबरतो आणि चार लाखांच्या कर्जावर सही करतो. ते बघवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो. यातला एक मुद्दा खरा आहे, तो शेवटी घेईन.

पहिला मुद्दा, पंधरा वर्षांनी भंगार. हा नियम दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या एनसीआरपुरता होता. तिथे पंधरा वर्षांवरची पेट्रोल आणि दहा वर्षांवरची डिझेल गाडी रस्त्यावर नको, हा हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम केला. जुलै 2025 मध्ये दिल्लीच्या पंपांवर अशा गाड्यांना पेट्रोल नाकारायला सुरुवात झाली, तो निर्णय काही दिवसांतच थांबवावा लागला. पण बातमी देशभर पोचली आणि लोकांनी ती आपल्याला लावून घेतली. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की गाडी आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग करायचं. गाडी ठीक असली तर पुढची पाच वर्षं मिळतात, आणि ती संपल्यावर परत तेच. 2021 च्या स्क्रॅप धोरणातही खासगी गाडीसाठी कसोटी वयाची नाही, फिटनेसची आहे. कारच्या पासिंगची फी एप्रिल 2022 पासून पाच हजार आहे, वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट 2025 पासून दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. हा खर्च पाच वर्षांवर वाटला जातो. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेत असाल तर आरसीवरची मुदतीची तारीख बघा आणि पासिंगचा खर्च भावातून कापून घ्या. एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीवर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का, तेही त्याच वेळी बघा.

दुसरा, ई20 पेट्रोल. इथे अर्धं सत्य आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि एप्रिल 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज पडतं. जुन्या गाडीत सहा-सात टक्क्यांपर्यंत पडेल, असा अंदाज नीती आयोगाच्याच 2021 च्या आराखड्यात आहे. रबरी नळ्या आणि गॅसकेट (जोडांमधली सील) लवकर झिजतात. जुन्या गाड्यांमध्ये वीस-तीस हजार किलोमीटरनंतर ते बदलावे लागतील, असं पेट्रोलियम मंत्रालयानेही म्हटलंय. पंपावर दुसरा पर्यायच ठेवलेला नाही, ही गाडीमालकांची तक्रार अगदी रास्त आहे. पण इंजिन बदलावं लागणं कुठे आणि फ्युएल पाइप बदलणं कुठे. इथेनॉल हवेतली ओल धरतं, म्हणून खरा त्रास महिनोन्‌महिने पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीला होतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीची टाकी आठवड्या-दोन आठवड्यांत रिकामी होते. गाडी घेतल्याबरोबर फ्युएल फिल्टर बदला आणि मिस्त्रीला नळ्या दाखवा.

तिसरा, पार्ट मिळत नाहीत. कोणत्या गाडीचे? अल्टो आणि वॅगनआरचे पार्ट तालुक्याच्या गावातही मिळतात; पुण्यात नाना पेठेत गेलात तर ओरिजिनल, लोकल, जुना काढलेला, तिन्ही मिळतील. सँट्रोचंही फारसं अडत नाही. अडचण येते ती कंपनीच देश सोडून गेलेल्या गाड्यांची. शेवरोलेने 2017 च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली, फोर्डने 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, डॅटसनही गेली. बीट किंवा फिगो फार स्वस्त दिसते ती याचमुळे. तिला हौशी मालक लागतो. एखाद्या पार्टसाठी आठवडाभर थांबावं लागलं तर ऑफिसला जाणाऱ्याचे हाल होतात, त्यामुळे या कामासाठी त्या गाड्या नकोत.

गॅरेजवाला लुटणार, या मुद्द्याला मी वेगळं उत्तर देतो: बहुतेक वेळा माणूस गॅरेजमध्ये लुटला जात नाही, खरेदीच्या दिवशी फसतो. चकाचक पॉलिश आणि नवे सीट कव्हर बघून पैसे देतो आणि मग वर्षभर फेडत बसतो. गाडी बघायला सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका. बॉनेटला हात लावा. गरम असेल तर काहीतरी लपवायचं आहे. इंजिनचं ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. साईसारखा पांढरट थर असेल तर पाणी ऑइलमध्ये जात असण्याची शक्यता आहे, म्हणजे हेड गॅसकेटचं काम. रेस दिल्यावर निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढा: तळाशी वाळलेल्या गाळाची रेघ असेल तर गाडी पुरात बुडालेली आहे. सांगली-कोल्हापूरचा 2019 चा आणि चिपळूणचा 2021 चा पूर आठवा आणि त्या भागातून आलेली गाडी दुप्पट नीट तपासा. कोकणातली गाडी असेल तर मॅट उचलून पत्रा बघा, डिकीत स्टेपनी काढून खालचा भागही बघा. गंजाला रंग मारून झाकता येतं, पण बोट दाबलं की कळतं. बॉनेटखालच्या ॲप्रनवर (चाकावरच्या आतल्या पत्र्यावर) वेल्डिंगच्या जागा सारख्या नसतील तर गाडी जोरात ठोकलेली आहे, निघून या.

इंजिन कोणतं आहे तेही विचारा. जुन्या अल्टोच्या 796 सीसी इंजिनला टायमिंग बेल्ट (मुदतीत बदलावा लागणारा रबरी पट्टा) असतो, तो कधी बदलला याचं बिल मागा. के10 इंजिनला चेन असते, ती चिंता नाही. ऑनलाइन चलनं किती थकली आहेत, आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा आहे का, हे नंबर टाकून दोन मिनिटांत कळतं. बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या की गाडी लगेच नावावर करून घ्या.

आता हप्ता, सगळ्यात महत्त्वाचं. पाच लाख ऑन-रोडची नवीन गाडी धरू. एक लाख रोख, चार लाख कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं. हप्ता बसतो सुमारे 8,400 आणि व्याज जातं लाखाच्या वर. दुसरीकडे 1.6 लाखाची वॅगनआर घ्या. टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शनची बुशं मिळून पहिल्या वर्षी चाळीस हजार लागतील असं धरून चाला. म्हणजे दोन लाखांत गाडी उभी राहिली. महिन्याला हजार किलोमीटर रनिंग, जुनी लिटरला 16 चं ॲव्हरेज देते, नवीन 21 चं, पेट्रोल 105 रुपये धरलं. फरक येतो महिन्याला साधारण 1,560 रुपये. पुढे वर्षाला वीस हजार दुरुस्तीचे. विमा थर्ड पार्टी घेतला तर हजार सीसीच्या आत 2,094 रुपये अधिक जीएसटी.

पाच वर्षांनी दोन्ही गाड्या अंदाजे भावाने विकल्या असं धरून सगळं मांडलं तर माझ्या हिशोबाने जुनी गाडी ऐंशी-नव्वद हजारांनी स्वस्त पडते. हा फरक फार मोठा नाही, आणि तो फुगवून सांगायचं मला कारण नाही. रनिंग महिन्याला पाचशे किलोमीटर असेल तर फरक वाढतो. दोन हजार असेल, म्हणजे कोथरूडहून चाकणला रोज, तर पेट्रोल तो खाऊन टाकतं आणि मग सीएनजी किंवा नवीन गाडीच बघावी. पण पैशांच्या या बेरजेत एक गोष्ट येत नाही. नोकरी गेली, घरात आजारपण आलं, तरी हप्ता पाच तारखेला कापला जातो. जुन्या गाडीची दुरुस्ती महिनाभर पुढे ढकलता येते, गाडी विकून दीड लाख हातात घेता येतात. कंत्राटी नोकरीवर असलेल्या माणसाला ही मोकळीक लाखापेक्षा मोठी आहे. जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 28 वरून 18 वर आला हे खरंच, पण नवीनचे भाव उतरले की जुन्याचेही उतरतात. त्यावर घासाघीस करा.

राहिला जिवाचा प्रश्न, आणि इथे मेसेज बरोबर आहे. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल 2019 पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै 2019 पासून सगळ्या कारना सक्तीची झाली. त्याआधीच्या छोट्या गाड्यांच्या स्वस्त मॉडेलमध्ये दोन्ही नसायचं. अल्टो 800 ला ग्लोबल एनकॅप या गाड्या ठोकून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या 2014 च्या चाचणीत शून्य तारे मिळाले होते. पावसात दोन मुलांना स्कूटरवर घेऊन निघणाऱ्याला तीच गाडी, शहरातल्या शहरात, चाळीसच्या वेगात, पट्टा लावून चालवली तर, स्कूटरपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, हेही मी तितक्याच ठामपणे सांगेन. पण तुमचा रोजचा रस्ता पुणे-मुंबई एक्सप्रेस-वे असेल, किंवा ट्रकांच्या मधून जाणारा नगर रस्ता, तर 2013 ची अल्टो कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. अजून सहा महिने पैसे साठवा, जुलै 2019 नंतर बनलेली गाडी शोधा, आणि चालू करताना डॅशबोर्डवर एअरबॅग आणि एबीएसचे दिवे लागून विझतात का, ते स्वतः बघा. कधी लागतच नसतील तर बल्ब काढून बिघाड लपवलेला असू शकतो.