वाऱ्याचं काय?
फ्रान्समधल्या लुआर नदीकाठच्या सायकलप्रवासावरचा तुमचा लेख वाचला. तिथले शातो (जुने राजवाडे) छान आलेत, पण सायकलवाल्याला आधी वाऱ्याचं सांगायला हवं होतं. तिकडे तो बहुतेक पश्चिमेकडून येतो. म्हणून पश्चिमेच्या नांत शहराहून पूर्वेच्या ओर्लेआंकडे निघावं. उलट गेलात तर सपाट रस्त्यावरही घाट चढल्यासारखा दम लागतो. दुपारी खेड्यातली दुकानं बंद. पाणी संपलं तर सरळ गावच्या दफनभूमीत शिरा, तिथे बहुधा नळ असतो (पाणी पिण्याजोगं आहे का, ते पाटीवर वाचूनच प्या!). शांबोरचा शातो मात्र घाईत उरकू नका. १५१९ मध्ये फ्रान्स्वा पहिला या राजानं बांधायला घेतलेला हा शिकारीचा वाडा, आणि स्वतः तिथे राहिला जेमतेम काही आठवडे! भोवतीच्या जंगलाला ३२ किमीची भिंत आहे. शनोंसोच्या शातोला गर्दी फार, दार उघडताच पोहोचा.