‘मुलांनाच युनियन नको आहे’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका,

(प्रतिक्रियेत तुम्ही वय सांगून टाकलंत, म्हणून काकाच म्हणतो.)

मागच्या लेखात मी इंदूरच्या विजयनगर भागातल्या, ॲपवर काम करणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलांनी युनियनसाठी एकत्र यायचा प्रयत्न केला आणि तो कसा विरला, ते लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: कुणी जबरदस्ती करत नाही, नको तेव्हा ॲप बंद करता येतं. मुलांनाच युनियन नको आहे. धमक असती तर अमेरिकेतल्या यूपीएस या पार्सल कंपनीच्या ड्रायव्हरांसारखी त्यांनीही करून दाखवली असती. आणि ज्या शहरानं युनियनपायी कापडाच्या मिल्स घालवल्या, तिथे पुन्हा हे खूळ कशाला? शिवाय ‘एसीत बसून लेख पाडणारे’ हा टोमणा. तो सोडून देऊ, आमच्याकडे कूलर आहे.

मिल्सचं आधी बोलू, कारण हे वाक्य इंदुरात लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकू येतं. मालवा, कल्याणमल, स्वदेशी या मिल्स १९७४ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. मालक सरकार, आणि तरीही त्या बंदच पडल्या. जुनाट यंत्रं, पॉवरलूमच्या कापडाशी न जुळणारा भाव, वाढत गेलेला तोटा हे सगळं सोडून दोष एकट्या लाल बावट्याला कसा द्यायचा? युनियनमध्ये गटबाजी होती, नेतेगिरी होती, ते मी नाकारत नाही. पण हुकमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली आणि कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी डिसेंबर २०२३ मध्ये हाती आले. मधली बत्तीस वर्षं ही माणसं संघटना टिकवून कोर्टकचेऱ्या करत राहिली. तोवर कित्येक जण गेले, पैसे वारसांनी घेतले. संघटना नसती तर वारसांनाही काही मिळालं नसतं.

आता ‘मुलांना नको आहे’. मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यात युनियन म्हटल्यावर हात झटकणारे होतेच. पण त्यांचं पुढचं वाक्य ऐका : “भिया, आयडी बंद हो गई तो गाड़ी की किस्त कौन भरेगा?” आयडी म्हणजे ॲपवरचं कामाचं खातं. याला नको म्हणायचं की परवडत नाही म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

मिलला गेट होतं. पाळी सुटली की शेकडो माणसं एका भोंग्यावर एकाच दारातून बाहेर यायची, गेटसभेला मंडप घालावा लागत नसे. डार्क स्टोअरबाहेर, म्हणजे फक्त ॲपच्या ऑर्डरींसाठी चालणाऱ्या गोदामाबाहेर, काय असतं? पाच-सहा मुलं गाडीवर बसल्या बसल्या मोबाइल बघत असतात. ऑर्डर पडली की एक जण पिशवी उचलून निघतो, आणि तो परत येईपर्यंत बाकीचे बदललेले असतात. कोण कुठे राहतो, कुणाचं नाव काय, हे महिनोन्‌महिने कळत नाही. मग व्हॉट्सॲपचा ग्रुप काढतात. त्यात कुणीतरी टीएलचा (टीम लीडरचा) माणूस असतोच, आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर शुकशुकाट.

दराचं तर विचारूच नका. दोन मुलांनी माझ्यासमोर फोन शेजारीशेजारी धरले. स्टोअर एकच, दिवस एकच, वेळही तीच. पण इन्सेंटिव्ह मिळायला ॲप एकाला जितक्या ऑर्डरी पुऱ्या करायला सांगत होतं, दुसऱ्याला त्याहून कमी. का, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. ज्याचा आकडा कमी होता त्यानं फोन खिशात टाकला आणि पोह्यांचा विषय काढला! मिलमध्ये शेजारच्या मागावाल्याला काय मिळतं ते सगळ्यांना माहीत असायचं, महागाई भत्ता वाढला की सगळ्यांचा वाढायचा, त्यामुळे मागणीही सगळ्यांची एकच. इथे मागणीपत्रात काय लिहायचं इथूनच अडतं.

बरं, संप केलाच तर? एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली-एनसीआरमध्ये ब्लिंकिटच्या मुलांनी केला. एका ऑर्डरचा किमान दर २५ रुपयांवरून १५ वर आणला होता. काही दिवस बरीच स्टोअर्स बंद राहिली, पण कंपनीनं नवी रचना मागे घेतली नाही. २०२५ च्या ३१ डिसेंबरला देशभर हाक दिली गेली, तर झोमॅटो-स्विगीनं त्याच संध्याकाळसाठी जादा रक्कम जाहीर केली. संपाच्या दिवशी कामावर येणाऱ्याला सर्वांत जास्त पैसे! घरी हप्ता थकलेल्या मुलानं काय करावं? ‘दहा मिनिटांत घरपोच’च्या जाहिराती जानेवारीत उतरल्या, हे खरं. पण त्यासाठी केंद्रीय मंत्र्यांना मध्ये पडावं लागलं.

यूपीएसचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. तिथला ड्रायव्हर कंपनीचा नोकर आहे. १९९७ मध्ये १ लाख ८५ हजार कामगार पंधरा दिवस संपावर गेले आणि दहा हजार अर्धवेळ नोकऱ्या पूर्णवेळ करून घेतल्या. आता शेजारची फेडेक्स बघा. काम तेच, खोकी तीच. पण तिची एक्सप्रेस शाखा रेल्वे-विमान कामगारांच्या कायद्याखाली येते, त्यामुळे एका शहरातल्या ड्रायव्हरांपुरती युनियन होऊ शकत नाही, करायची तर देशभरातल्यांची एकदम. आणि ग्राउंड शाखेच्या गाड्या कंत्राटदारांच्या. फेडेक्सच्या ड्रायव्हरांत काय धमक कमी आहे?

आपल्याकडेही गाडं तिथेच अडतं. युनियनची नोंदणी तशी अवघड नाही. किमान सात सदस्य हवेत, आणि आस्थापनेतले १० टक्के किंवा १०० कामगार, यातली जी संख्या कमी असेल तितके. पण आस्थापना कुणाची? टीएल एजन्सीकडे बोट दाखवतो, एजन्सी कंपनीकडे, आणि कंपनी म्हणते हे आमचे ‘पार्टनर’. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. तिनं गिग कामगाराला कायद्यात नाव दिलं आणि कंपन्यांवर उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणी घातली, हे चांगलंच झालं. पण तिच्यात गिग कामगाराची ओळखच अशी आहे, की तो पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारा. म्हणजे विम्याची सोय झाली, पण दराबद्दल कुणाशी बोलायचं हा प्रश्न होता तिथेच राहिला.

तुमची एक गोष्ट मला पटते. यातली बरीच मुलं चार-सहा महिन्यांत निघून जातात. पीएससीची तयारी करणारा, कॉलेजचा, गावाकडे सोयाबीन काढायला जाणारा. आज ज्याला सभासद करून घेतलं तो दिवाळीनंतर भेटेलच असं नाही. संघटना बांधणाऱ्यांची ही सर्वांत मोठी डोकेदुखी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे तोड नाही. पण तीन-तीन वर्षं तेच काम करणारी, दोन लेकरांचे बाप असलेली माणसंही त्याच स्टोअरबाहेर उभी असतात. ॲप बंद करायचं स्वातंत्र्य त्यांनाही आहेच म्हणा.

विजयनगरच्या मुलांच्या मागण्या तुम्ही लेखात वाचल्या नसाव्यात, म्हणून पुन्हा लिहितो. दर बदलण्याआधी सांगा. आयडी बंद केली तर कारण लेखी द्या. आणि तक्रार ऐकायला इंदुरात एक माणूस बसवा, चॅटवरचा रोबो नको. पगारवाढ यादीत नव्हतीच.

शेवटी तुम्ही विचारलंत, वर्गणी कुणाच्या खिशात जाणार? काका, वर्गणीपर्यंत गोष्ट पोचलीच नाही. अर्जाच्या झेरॉक्सचे आणि चहाचे पैसे झाले तेवढेच, आणि चहाचे अजून टपरीवाल्याला द्यायचे आहेत.